कार्डाचा हवापालट

आम्ही अमेरिकेला फिरायला जातो, असा आमच्या सोसायटीत समज आहे. खरं म्हणजे फिरायला जातं ते ग्रीन कार्ड. आम्ही दोघं त्याचे हमाल. मुलगा तिकडचा नागरिक झाला, आणि एकवीस वर्षांवरच्या नागरिकाच्या आईवडलांना व्हिसाच्या कोट्याची रांग नसते, म्हणून त्याने हौसेने आमची कार्डं काढली. तेव्हापासून आम्ही 'कायमचे रहिवासी' आहोत आणि कुठेच धड राहत नाही. मधली कित्येक वर्षं हे कार्ड हिरवंसुद्धा नव्हतं म्हणे. २०१० साली पुन्हा हिरवं झालं. अशा वस्तूवर विश्वास तरी किती ठेवायचा?

सोसायटीच्या बाकावरचं शास्त्र सांगतं, सहा महिन्यांत एकदा तिथल्या जमिनीला पाय लावून आलं की कार्ड जगतं. बाकावरच्या बहुतेक शास्त्रांसारखं हेही अर्धंच खरं. १८० दिवसांच्या आत परतलात तर सहसा कुणी फार खोदत नाही. वर्ष उलटलं तर नुसत्या कार्डावर आत घेत नाहीत. पण खरा प्रश्न 'तुमचं घर कुठे?' हा, आणि तो केव्हाही विचारता येतो. यंदा सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि आम्ही सहा महिन्यांच्या पलीकडे सरकलो.

विमानतळावर मी व्हीलचेअर मागवते. गुडघे दुखतात हे खरं. ड्यूटी-फ्रीमध्ये दुखत नाहीत हेही खरं. तर मी खुर्चीत, हे शेजारी, आणि समोर काचेआड एक तरुण, अदबशीर अधिकारी. विमानतळाचं नाव सांगत नाही, पुन्हा तिथेच उतरायचं आहे.

"तुम्ही राहता कुठे?"

"कोथरूड," हे ताठ मानेने म्हणाले. "ओन फ्लॅट. नो लोन."

"इथे किती दिवस?"

"गणपतीच्या आत परत."

अधिकाऱ्याने काहीतरी लिहून घेतलं. ह्यांना वाटलं, फ्लॅटची नोंद झाली.

मग आतली खोली. तिथे त्याने एक फॉर्म पुढे सरकवला, आय-४०७. कार्ड आपखुशीने सोडत असल्याचा. सही करा, पुढे व्हिजिटर व्हिसावर या, असं तो अगदी गोडीत म्हणाला. ह्यांची हयात बँकेत कॅश काउंटरवर गेली. फॉर्म दिसला की शर्टाच्या खिशातलं पेन आपसूक हातात येतं. टोपण निघालंसुद्धा. मी व्हीलचेअरमधून उठले ती दोन ढांगांत टेबलाशी. अधिकारी आधी माझ्याकडे, मग रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला.

ही सही ऐच्छिक असते, हे मुलाने माझ्याकडून घोकून घेतलं होतं. नाही केली तर प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जातं, आणि कार्ड सोडलं हे सिद्ध करायचं ओझं सरकारवर येतं. मी पिशवीतून फाइल काढली. तिकडच्या रहिवाशाला जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब तिथल्या सरकारला द्यावा लागतो. आमच्या पुण्यातल्या ठेवींचं चिमूटभर व्याजदेखील त्या १०४० नंबरच्या फॉर्मात जातं. या गोष्टीचा मला दरवर्षी संताप येतो. त्या दिवशी तोच संताप मी एकेक कागद करून टेबलावर मांडला.

"मग इतका उशीर का केलात?"

हे आईचं सांगू लागले. पडल्या कशा, ऑपरेशन कुठे झालं, रात्री कोण झोपायला असतं. सांगता सांगता मनगटाकडे पाहिलं. घड्याळ अजून पुण्याच्या वेळेवरच होतं. "नाऊ शी विल आस्क फॉर मी," म्हणाले आणि पुढे बोलवेना. कॅश टॅली झाल्याशिवाय कधी खुर्चीवरून न उठलेला माणूस. मी पेनाला टोपण लावलं आणि ते त्यांच्या खिशात परत अडकवलं.

सोडलं आम्हाला. पुन्हा असं लांबणार असेल तर आधी परवाना काढा, असं बजावून.

पुढचे आठवडे एडिसनला. लिबर्टीचा पुतळा पाहिला. न्यू जर्सीच्या काठावरून बाईंची पाठच दिसते. मुलाने आय-१३१ भरला. हा री-एंट्री परवाना जास्तीत जास्त दोन वर्षं चालतो, पण अर्ज करताना तुम्ही अमेरिकेत हजर हवे. मग ठसे द्यायला बोलावणं आलं. तिथली मुलगी ह्यांचा अंगठा कधी डावीकडून, कधी उजवीकडून काचेवर दाबत होती आणि पडद्यावर नुसता करडा ढग उमटत होता. जन्मभर लोकांच्या नोटा मोजून रेषा गेल्या कुठल्या कुठे. तिने काच पुसली, बोट पुसलं, पुन्हा दाबलं.

हे शांतपणे तिला मराठीत म्हणाले, "अगं, काउंटरवर ओल्या स्पंजची डबी ठेवत नाही का तुम्ही?"