मुद्देमालाची तीर्थयात्रा

ज्या नगरीत रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांनी यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नामावळ वह्यांतून जतन केली, कोण कोठून आला, कोणाचा पुत्र, कोणाचे श्राद्ध करून गेला हे त्याच्याच हस्ताक्षरात उतरवून घेतले, आणि बापाकडून मुलाकडे जाताना त्या वह्यांचा ताबा कधी बेवारस होऊ दिला नाही, त्या नाशकास वंशाच्या पुराव्याचे शास्त्र विलायतेहून येऊन कोणी शिकवावे असे नाही. तथापि १९८४ साली लेस्टर येथे अॅलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून माणूस ओळखण्याची युक्ती काढली, आणि आता आमच्या शहरी प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, त्र्यंबक रोडवर पोलीस अकादमी आहे. उणीव आहे ती केवळ वही सांभाळणाऱ्या उपाध्यायाची.

ही उणीव क्षुल्लक वाटत असल्यास सर्वोच्च न्यायालयाचा १९ मे २०२३ चा निवाडा अवश्य वाचावा. जून २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यात सहा वर्षांच्या बालिकेवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. ठाण्याच्या सत्र न्यायालयाने २०१४ साली आरोपीस फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने पुढल्या वर्षी ती कायम केली, आणि डीएनए अहवाल हा त्या शिक्षेचा मोठा आधार होता. प्रयोगशाळेच्या दारापलीकडे शास्त्राचे राज्य असते, हे कोण नाकारील? परंतु दाराअलीकडे राज्य असते ते दप्तराचे. आरोपीचे नमुने एकदा जूनमध्ये घेतले, पुन्हा जुलैमध्ये घेतले. ते कोणी घेतले, दोनदा का घेतले, एकदमच का पाठवले नाहीत, याविषयी दप्तराने मौनव्रत धारण केले. आरोपीस मराठी अवगत नसता त्याचे निवेदन मात्र अस्खलित मराठीत नोंदवले गेले. राजभाषेचा इतका कडवा अभिमान मंत्रालयातही आढळत नाही. न्या. गवई, न्या. विक्रम नाथ व न्या. करोल यांच्या पीठाने नमुने पाठवण्यातील विलंबाचा खुलासा नाही, सबब ते दूषित होण्याची शक्यता नाकारता येत नाही, आणि डीएनए अहवाल हे अखेर तज्ज्ञाचे मतच, असे म्हणून आरोपीस निर्दोष सोडले.

आपल्या हवालदारांनी याबद्दल फार खजील होऊ नये. एकाच अज्ञात स्त्रीचा डीएनए सुमारे चाळीस गुन्ह्यांच्या जागी सापडला म्हणून जर्मन पोलीस वर्षानुवर्षे तिच्या मागावर होते. २००९ साली उलगडले की, ती बाई नमुने टिपण्याचे कापसाचे बोळे भरणाऱ्या कारखान्यात इमानेइतबारे नोकरी करीत होती.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी फर्मावले की, नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा, न्यायालयाच्या परवानगीवाचून मोहोर फोडू नये, आणि तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याचे रजिस्टर ठेवावे. रजिस्टर छापून येईपर्यंत वाचकांपैकी कोणास पंच म्हणून पाचारण झालेच, तर त्यांनी लाख थंड होईतो जागचे हलू नये, आणि कोऱ्या कागदावर सही तर मुळीच करू नये.