एकरकमी पाऊस

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून विभक्त झालेल्या आमच्या गोंदिया जिल्ह्यात आज आठ तालुके असून, त्यांच्या वीस वर्षांच्या पर्जन्याची, जूनपासून सप्टेंबरअखेरच्या १२२ दिवसांची, नोंद त्रिमितीय सारणीत भरावयाची म्हटली तर तिला १९,५२० घरे पडतात. त्यांतून ६५ मिलिमीटरांवरचा पाऊस, ज्यास महसूल खाते अतिवृष्टी म्हणते, वेचून काढणे हा माझा निवृत्तीनंतरचा छंद. आणि त्यासाठी वर्षाच्या पोटात तालुका व तालुक्याच्या पोटात दिवस अशी जी लूपची भारदस्त उतरंड मी पायथन या संगणकभाषेत रचली होती, तिचा मला, खोटे कशाला बोलू, अभिमान होता.

पुण्याहून आलेल्या भाच्यास ती पाहवेना. "मामा, अहो, सगळ्या सारणीला एकदमच विचारा की!" म्हणून त्याने नमपाय हे पायथनचे आकडेमोडीचे अवजार बोलावले आणि कंसात 'पाऊस > ६५' एवढेच घातले. माझ्या पद्धतीत पायथन प्रत्येक घरापाशी थांबून आतल्या आकड्याची जातकुळी तपासतो; नमपायमध्ये साऱ्या सारणीची जात आरंभीच ठरलेली असल्याने, भातगिरणीत पोते ओतावे तसा सारा ऐवज आत जातो, आणि फेरे सी भाषेच्या तळघरात मुकाट्याने घातले जातात. ही एकरकमी विचारसरणी संगणकशास्त्रज्ञ केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ सालीच ग्रंथरूपाने मांडली होती, असेही मला ऐकविण्यात आले. वेग कैक पटींनी वाढल्याचे भाच्याने सप्रमाण दाखविले. दोन्ही खेपांस उत्तर माझी पापणी लवण्यापूर्वीच आले असल्यामुळे तो लाभ मी केवळ श्रद्धेने मान्य केला.

नमपायच्या दरबाराचे रिवाज मात्र विलक्षण. एखाद्या वर्षाचे देवरी व सालेकसा, आणि १ व १५ जुलै, अशा दोन याद्या दिल्या तर चार नोंदी मिळत नाहीत. पहिल्याशी पहिला, दुसऱ्याशी दुसरा असे जोडून दोनच हाती येतात. शिवाय यादी देऊन मागितल्यास नक्कल मिळते, पण 'इथपासून तिथपर्यंत' असा सलग तुकडा मागितल्यास अस्सल दप्तरच स्वाधीन होते.

हा शेवटचा भेद मला समजावून देण्याच्या भरात भाच्याने सालेकशाचा जुलै तोडून घेतला, तो नक्कल समजून त्यात शून्ये भरली आणि फाइल जतन केली. ज्या तालुक्यात हाजरा धबधबा कोसळतो, तेथे वीस वर्षे जुलैत थेंब पडला नसल्याचे दप्तरी दाखल झाले. मी निमूटपणे माझी हस्तलिखित वही त्याच्यापुढे सरकविली. ६२० आकडे होते, आणि वहीला एकदम विचारण्याची सोय नव्हती.