ओढा ऑप्शनला

आमचा पुतण्या यंदा दहावीला आहे. भूगोलाच्या पेपरच्या आदल्या दिवशी मी गेलो, तेव्हा स्वारी ब्राझीलमध्ये होती. आपल्या बोर्डाचा दहावीचा भूगोल म्हणजे भारत आणि ब्राझील. त्यामुळे अ‍ॅमेझॉन तोंडपाठ, पँटानलची दलदल तोंडपाठ. ‘भौगोलिक कारणे लिहा’ तर झोपेतही चालू: अजस्र कड्यामुळे वारे अडतात, पलीकडे पर्जन्यछाया, म्हणून ईशान्य ब्राझीलमध्ये अवर्षण चतुष्कोन.

‘‘वा!’’ मी म्हणालो. ‘‘मग महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात तुझ्या आजोळी, म्हसवडला टँकर येतो, तो का?’’

‘‘काका, म्हसवडवर प्रश्न येत नाही.’’

बरोबर आहे. मामाच्या दारातला टँकर हे भौगोलिक कारण नव्हे, घरगुती कारण.

मी नकाशाकडे वळलो. तो म्हणाला, ‘‘ते पैकीच्या पैकी. चिन्हं काढायची, सूची द्यायची, झालं.’’

या विषयाची खरी किंमत २०२० मध्ये कळली. करोनामुळे दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीने गुण मिळाले. बीजगणित चांगलं असलं, की सह्याद्री आपोआप समजतो!

पुतण्याच्या पुण्यातल्या सोसायटीमागून आंबिल ओढा जातो. कात्रजकडून येतो, दांडेकर पुलाखालून मुठेला मिळतो. पुतण्या त्याला ‘नाला’ म्हणतो, कारण वास येतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच नाल्याने सीमाभिंती पाडल्या, गाड्या वाहून नेल्या, माणसंही नेली. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणत होते, ‘‘ओढा घरात शिरला.’’ घरं ओढ्यात कधी शिरली, हा प्रश्न आपण सर्वांनी ऑप्शनला टाकलेला. आराखडे काढणारे, मंजूर करणारे, फ्लॅट घेणारे, सगळे भूगोलात पासच होते की!

तेव्हा पालकहो, पावसाळ्याआधी एकदा मुलांना जवळच्या ओढ्यावर न्या आणि विचारा, हे पाणी कुठून येतं, कुठे जातं? मात्र आधी स्वतः जाऊन उत्तर बघून या. भूगोलात आपल्यालाही मार्क होते, पण ते नकाशाचे.