सात पिढ्या आणि सातबारा

मनुष्याच्या ठायी आपला मूळपुरुष शोधण्याची उत्कंठा बहुधा निवृत्तिवेतन सुरू झाल्यानंतर व मधुमेह जडण्याच्या सुमारास उत्पन्न होते; तत्पूर्वीचा काळ हयात नातेवाइकांना टाळण्यातच व्यतीत झालेला असतो. या नियमास अनुसरून मी प्रथम नाशिकास गेलो. रामकुंडानजीकच्या आमच्या तीर्थोपाध्यायांनी आडनाव, गोत्र आणि मूळ गाव एवढेच विचारून फडताळातून एक जाड, लांबट वही काढली, आणि तीतील मोडी मजकुरावर बोट फिरवीत, माझे पणजोबा मातोश्रींच्या अस्थी घेऊन आले होते व त्यांनी संकल्पिलेल्या गोदानाची दक्षिणा अद्याप येणे आहे, ही वार्ता इतक्या मृदू स्वरात कथन केली की, ज्या मजकुरातला एक काना-मात्राही मला उमगत नव्हता, त्याच्या आधारे मी तीन पिढ्यांची थकबाकी निमूटपणे चुकती केली.

पुढला प्रवास चिपळूणपर्यंत कोकण रेल्वेने आणि तेथून गुहागरच्या लाल एस.टी.ने. व्याडेश्वर हा अनेक चित्पावन घराण्यांचा कुलस्वामी असल्यामुळे गाडीत गोत्रे विचारण्याचा व आपली घरे दूरान्वयाने एकच असल्याचे सिद्ध करण्याचा उद्योग अखंड चालू होता. तो खिडकीची जागा मागण्यापर्यंत आला, की आप्तसंबंध तेथेच संपुष्टात येत. शिवपंचायतनाचे दर्शन घेऊन, अभिषेकाची पावती जपून ठेवून, मी मूळ गावी पोहोचलो. गावाचे नाव सांगत नाही. तेथे अजून माझे भाऊबंद राहतात.

खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पुष्कळशी जमीन कूळकायद्याने गेली, आणि मागे राहिला तो सातबारा. दर मयतीस एक फेरफार व दर फेरफारास पाच-सात वारस, या गतीने आमच्या चिमुकल्या तुकड्यावर इतके कब्जेदार चढले आहेत की, ते सर्व एकाच दिवशी वहिवाटीस आले, तर निम्म्यांना शेजाऱ्याच्या बांधावर उभे राहावे लागेल. अशा मुलखात ‘माझे पणजोबा इथलेच’ असे म्हणणारा इसम वकिलाच्या सल्ल्याने बोलत आहे, असे गृहीत धरण्याचा प्रघात आहे.

पडवीत बसलेल्या काकांनी (नाते निश्चित होईपर्यंत काकाच म्हणणे भाग होते) आडकित्त्यातील सुपारी तशीच धरून मला नखशिखान्त न्याहाळले.

‘हिस्सा हवाय?’

‘नाही, काका. नुसती वंशावळ पाहायची होती.’

‘सगळे आधी वंशावळच पाहतात.’

यास उत्तर नव्हते. वारसनोंदीच्या अर्जास वंशावळ जोडावीच लागते. अखेर आंबा, फणस, विहीर व परसातल्या माड-पोफळी यांपैकी कशावरही माझा दावा नाही, असे मी कोऱ्या कागदावर लिहून सही केली, काकांनी ती चष्मा पुसून दोनदा वाचली, आणि मग माजघरातून पत्र्याची पेटी व तिच्यामागोमाग, बहुधा दाराआड तयारच असलेले, कोकम सरबत बाहेर आले. कापडावर डकवलेल्या, कसरीने कुरतडलेल्या कागदावर काकांचे बोट मूळपुरुषापासून पिढी-पिढी उतरत माझ्या आजोबांच्या नावाशी थांबले. नावाखाली ठसठशीत अक्षरांत लिहिले होते: ‘निर्वंश’.

‘अहो काका, पण मी इथे बसलोय!’

‘ते दिसतंय हो,’ माझ्या सहीचा कागद पेटीत ठेवून कुलूप घालीत काका म्हणाले, ‘पण फेरफार तसाच मंजूर झालाय. सरबत घ्या.’