टेलचे आप्पा

“समुद्राला आवर्तन कधीय?” असं हरिहरेश्वरात नारळ विकणाऱ्या मावशींना विचारणारा माणूस शिरूर-दौंडकडचाच असणार. आमचे आप्पा तसे. चासकमानच्या चारीवर, तेही पार टेलला, जन्म गेलेला. पाणी कुणीतरी सोडतं, मधेच कुणीतरी फोडतं आणि उरलंसुरलं आपल्यापर्यंत येतं, हे त्यांचं भूगोलाचं ज्ञान. अर्ज नाही, पाणीपट्टी नाही, तरी दिवसातून दोनदा आपणहून येणारं पाणी त्यांना संशयास्पदच वाटतं.

दरवर्षीच्या कोकणातल्या पायी मोहिमेचे प्रमुख तेच. नेमलंय कुणी, विचारू नका. ग्रुपवर चोवीस जण ‘फिक्स’ असतात. शुक्रवार संध्याकाळपर्यंत ऊसतोड, पाहुणे आणि कंबर यांतून सात उरतात. त्यात तीन दौंडचे, म्हणून घोडनदीची, म्हणजे शिरूरची, गाडी सरळ पुणे रस्ता सोडून न्हावऱ्यावरून चौफुल्याला. आता चौफुल्याच्या कला केंद्रांची कीर्ती घरोघरी ठाऊक. “तिथनं पुढं देवाला चाललोय,” हे बायकोला पटवण्यातच प्रत्येकाची निम्मी चढण होते.

आप्पांच्या पायात रांजणगावच्या कारखान्यात घालतात तसले लोखंडी टोपीचे बूट. “पायावर काय पडलं तर?” किनाऱ्यावर काय पडणार? “नारळ.” सगळे गप्प.

मुळशीचं धरण दिसलं की गाडी थांबवायचीच. “हे पाणी मुळेतनं भीमेला, म्हंजी आपल्याला यायचं. ते डोंगरातनं भिऱ्याच्या वीजघरात उतरवलं आन् दिलं कोकणाला सोडून!” मग १९२१ चा सत्याग्रह, सेनापती बापट, सगळं रस्त्याच्या कडेला उभ्यानं. दौंडकरांचं दुःख वेगळंच: खडकवासल्याचं पाणी पुणं पिऊन उरलं तर त्यांचं.

तर मावशी. त्यांनी हिशोब सांगितला: तिथीला पाऊणनं गुणायचं, त्या सुमारास भरती. चतुर्थी होती, म्हणजे तीनला. देवळामागची प्रदक्षिणा ओहोटीतच करायची, म्हणजे सकाळी नऊच्या आगेमागे. पण नऊला आप्पा आंबोळ्यांवर होते. निघालो एकला.

“अहो, पाणी चढतंय,” मी म्हटलं.

“तीन म्हंजी पाचला येतंय. टेलला पाणी वेळेवर आलेलं कधी बघितलंय का?”

खडकातल्या पायऱ्या उतरलो. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा जाळीदार झालेला तो कातळ पाहत दहा-बारा पावलं गेलो असू, तोच लाट आली. वेळेवर. कुठंही न फुटता. आम्ही सहाजण पायऱ्यांवर कसे पोचलो, आठवत नाही. आप्पा मागून आले, एकेक बूट बादलीसारखा उचलत.

वर बसून त्यांनी उजवा बूट उपडा केला. धार बराच वेळ चालली.

“आपलंच हाय,” आप्पा म्हणाले. “मुळशीचं.”

मग डावा बूट काढला, तो मात्र नारळाच्या बुंध्यात नीट रिकामा केला. वाया नको.