आतले आणि बाहेरचे

‘प्रेक्षणीय वास्तू’ या शब्दप्रयोगात ती वास्तू पाहण्यासाठी असते हे गृहीत धरलेले आहे आणि वऱ्हाडातील वास्तूंच्या अभ्यासात पहिली अडचण येथेच उभी राहते, कारण अमरावती आणि अकोला या दोन शहरांत जुनी वास्तू पाहण्यासाठी असते असा समज रहिवाशांत फारसा प्रचलित नाही. ती पत्ता सांगण्यासाठी असते. अमरावतीत जन्मलेल्या माणसाने खोलापुरी गेटच्या नावाचा उच्चार हजारो वेळा केलेला असतो, परंतु त्या गेटाची कमान टोकदार आहे की गोल, असे विचारल्यास तो प्रश्नकर्त्याकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर मात्र खरोखर प्रेक्षणीय असते.

अमरावतीचा परकोट, म्हणजे शहराभोवतीचा दगडी तट, बांधण्यास निजामाच्या सरकारने १८०७ मध्ये आरंभ केला. त्याचा घेर सुमारे सव्वादोन मैल आणि उंची वीस ते सव्वीस फूट असून येथील धनिक व्यापाऱ्यांना पेंढाऱ्यांच्या, म्हणजे टोळ्यांनी घोड्यांवरून येऊन लुटालूट करणाऱ्यांच्या, उपद्रवापासून वाचवणे हा त्याचा हेतू होता. व्यापारी धनिक होते ते कापसामुळे. रेल्वे येण्यापूर्वी हा कापूस बैलांच्या पाठीवर लादून मिर्झापूरपर्यंत जात असे आणि १८४२ मध्ये एकट्या एका व्यापाऱ्याने त्या वाटेने एक लाख बैलांचा माल रवाना केल्याचे सांगितले जाते. ही संख्या वाचून इतिहासकार कापसाच्या उलाढालीचा हिशेब मांडू लागतात. परंतु सणासुदीच्या संध्याकाळी परकोटाच्या वेशींतून दुचाकी बाहेर काढण्याचा प्रयत्न केलेल्या अभ्यासकाला प्रथम एवढेच जाणवते की वाहतुकीची कोंडी ही अमरावतीत नव्या विकासाने आणलेली नसून ती शहराच्या वारशाचा भाग आहे.

या परकोटाला पाच दरवाजे आणि चार खिडक्या आहेत, असे वर्णन ग्रंथांत आढळते आणि ते वाचून परगावचा वाचक हमखास फसतो. परकोटाची खिडकी म्हणजे गज, झडपा आणि उंबऱ्यावर तुळशीची कुंडी असलेली खिडकी नव्हे. तटातील लहान दरवाजाला खिडकी म्हणतात आणि तीतून माणूस, शेळी, प्रसंगी हट्टाला पेटलेला सायकलस्वारही जाऊ शकतो. त्यामुळे ‘माता खिडकीत राहतो’ किंवा ‘छत्रपुरी खिडकीतून आत ये’ अशी वाक्ये अमरावतीत कोणालाही विचित्र वाटत नाहीत, मात्र सासर अमरावतीचे मिळालेल्या पुणेरी सुनेला पहिले काही महिने आपण चोरांच्या घराण्यात पडलो की काय, अशी शंका येत राहते. आणखी एका खिडकीचे नाव खुनारी. तिच्याजवळ झालेल्या एका चकमकीत सातशे माणसे मारली गेली, यावरून हे नाव पडले असे गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची समग्र माहिती देणारा सरकारी ग्रंथ, नोंदवते. एवढ्या भीषण स्मृतीचे पुढे काय होते, याचा अभ्यास करणाऱ्यास वऱ्हाडी मनाचा समतोल येथे दिसून येतो, कारण ‘कुठी भेटू बे?’ या प्रश्नाला ‘खुनारी खिडकीपाशी ये’ असे उत्तर देताना कोणाच्याही आवाजात कंप आढळत नाही.

परकोटाच्या हेतूचे पुढे जे झाले ते तर शासकीय काव्यन्यायाचे उदाहरण म्हणावे लागेल. नागपुरी गेट आणि खोलापुरी गेट ही आज शहरातील दोन पोलीस ठाण्यांची नावे आहेत. म्हणजे ज्या दरवाजांनी लुटारूंना बाहेर ठेवावयाचे, त्यांच्याच नावाच्या ठाण्यांत आता लुटारूंना आत ठेवले जाते. दरवाजांना ही नावे मिळाली ती त्यांतून बाहेर पडणारा रस्ता नागपूरला किंवा खोलापूरला जातो म्हणून. अंबागेटचा रस्ता अंबादेवीकडे जातो, आणि अकोल्यातही दहीहांडा वेस व आगरवेस या वेशी त्या त्या गावांच्या नावांनी ओळखल्या जातात. यावरून एक मौलिक निष्कर्ष निघतो. वऱ्हाडी दरवाजाचे नाव शहरात काय आहे हे सांगत नाही, शहरातून निघून गेल्यास कोठे पोहोचता येईल हे सांगते. आणि पदवी हातात पडताच पुण्याची गाडी धरणाऱ्या येथील तरुण पिढीला हे वेगळे शिकवावे लागलेले नाही.

पुण्याहून पुढे गेलेल्या या पिढीतील काही जण संगणकाच्या नोकरीनिमित्त स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे पोहोचतात आणि मग उन्हाळ्यात त्यांचे आईवडील अकोल्याचा मे महिना चुकवून तेथे जातात. तेव्हा वऱ्हाडी दृष्टी आणि उत्तरेकडील वास्तुकला यांची जी गाठ पडते, तिचा विचार प्रस्तुत विषयात अपरिहार्य ठरतो. त्यांना प्रथम दाखवले जाते ते स्टाड्सहूसेत, म्हणजे नगरगृह. राग्नार ओस्टबेर्य या वास्तुशिल्पज्ञाने रचलेली ही इमारत १९२३ मध्ये पूर्ण झाली, म्हणजे अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले त्याच साली, आणि तिला जवळजवळ ऐंशी लाख विटा लागल्या. ही महानगरपालिकेची कचेरी आहे हे कळल्यावर अकोल्याच्या निवृत्त शिक्षकाच्या मुखातून जो पहिला प्रश्न येतो तो शिल्पशैलीविषयीचा नसतो. घरपट्टी भरण्याची खिडकी कोठे आहे, हा असतो.

या इमारतीच्या मुख्य दालनाचे नाव ‘ब्लो हालेन’, म्हणजे निळे दालन. दरवर्षी १० डिसेंबरला नोबेल पारितोषिकांची मेजवानी येथेच होते. दालन मात्र निळे नाही. ओस्टबेर्य यांचा बेत विटांवर निळा गिलावा देण्याचा होता, परंतु उघड्या लाल विटा त्यांना इतक्या आवडल्या की त्यांनी गिलावा रद्द केला. तोपर्यंत नाव सर्वांच्या तोंडी बसले होते, ते तसेच राहिले. मार्गदर्शक ही हकीकत मोठ्या कौतुकाने सांगतो आणि पर्यटक हसतात. ‘ळ’चा ‘य’ करणाऱ्या बोलीतून ‘निया कुठी हाय बाप्पा, हे तं समदं लाल दिसून रायलं’ असा शेरा या हशात मिसळला, तरी त्यात आश्चर्याचा भाग थोडा असतो. ज्या माणसाने सबंध आयुष्य दरवाजाला खिडकी म्हणण्यात काढले, त्याला लाल दालनास निळे म्हणणे शिकवण्यासाठी सात हजार किलोमीटर नेण्याची गरज नव्हती.

वरच्या मजल्यावरील सुवर्णदालनात मात्र या दृष्टीला खरा आपलेपणा सापडतो. सोने आणि काच यांच्या सुमारे एक कोटी ऐंशी लाख तुकड्यांनी मढवलेल्या या भिंतींवर एयनार फोर्सेत या कलाकाराने चित्रे घडवली आणि त्यांत घोड्यावर बसलेला संत एरिक छतापाशी इतका वर गेला की त्याच्या डोक्याला जागाच उरली नाही. मापात चूक झाली, असे सांगतात. आणि त्यावर असेही सांगतात की या एरिक राजाचा इतिहासात शिरच्छेदच झालेला असल्यामुळे डोके नसणे हे वास्तवाला धरूनच आहे. हा खुलासा ऐकताना ज्याने अकोल्यात स्वतःचे घर बांधून घेतले आहे अशा गृहस्थाचे डोळे पाणावतात. जिना छताला टेकला, मोरीचा उतार दिवाणखान्याकडे गेला, अशा प्रत्येक वेळी ठेकेदाराने दिलेली शास्त्रशुद्ध कारणे त्याला आठवतात, आणि तो ठेकेदार युरोपात असता तर त्याच्या कामापुढे तिकीट लागले असते, ही जाणीव त्याला अस्वस्थ करते.

नगरगृहाचा मनोरा १०६ मीटर उंच आहे आणि या उंचीमागे शेजारधर्म आहे. डेन्मार्कच्या राजधानीतील, म्हणजे कोपनहेगनमधील, १९०५ च्या नगरगृहाचा मनोरा १०५.६ मीटर आहे. स्टॉकहोमकरांनी चाळीस सेंटिमीटरांसाठी केलेला हा खटाटोप मुंबईकराला पोरकट वाटेल, परंतु अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान राहणाऱ्या कोणालाही तो पूर्णपणे समजतो. विभागीय आयुक्त अमरावतीला बसतात म्हणून कृषी विद्यापीठ अकोल्याला असणे भाग होते. त्यावर अमरावतीने स्वतःचे विद्यापीठ मिळवले. महानगरपालिका अमरावतीला १९८३ मध्ये झाली, अकोल्याला २००१ मध्ये, आणि या अठरा वर्षांची सल बदनेऱ्यापासून बोरगाव मंजूपर्यंत कोणत्याही पानठेल्यावर उकरून काढता येते. अकोल्याजवळ शिवणीची धावपट्टी इंग्रजांच्या काळापासून पडून असताना अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून २०२५ मध्ये मुंबईचे प्रवासी विमान उडाले, तेव्हा अकोल्यात अनेकांनी वर पाहण्याचे कटाक्षाने टाळले.

अकोल्याला या स्पर्धेत जे निर्विवाद श्रेष्ठत्व आहे ते शिलालेखांच्या बाबतीत. मोर्णा नदीच्या काठावरील असदगड हा किल्ला औरंगजेबाच्या कारकिर्दीत, १६९७ च्या सुमारास, त्याचा वजीर असदखान याच्या नावाने बांधला गेला आणि दहीहांडा वेशीवरील लेख हीच कालखूण देतो. आगरवेशीवर मात्र मराठी लेख आहे आणि त्याचे म्हणणे असे की किल्ला गोविंद आप्पाजी यांनी १८४३ मध्ये बांधला. एकाच किल्ल्याच्या दोन दरवाजांत सुमारे दीडशे वर्षांचा मतभेद आहे. गॅझेटिअरकारांनी हा विरोध कोरडेपणाने नोंदवून पुढे प्रयाण केले, कारण त्यांना कोनशिला, म्हणजे उद्‌घाटकाचे नाव मिरवणारा दगड, या संस्थेचा पुढील विकास पाहावयास मिळाला नाही. एकाच नाल्यावरील एकाच पुलाचे तीन कार्यकाळांत तीन वेळा झालेले लोकार्पण ज्यांनी पाहिले आहे, त्या आजच्या अकोलेकराला आगरवेशीचे कोडे पडत नाही. गोविंद आप्पाजींनी बहुधा डागडुजी केली असावी, आणि डागडुजीनंतर दगडावर आपले नाव घालण्यास जागा शिल्लक दिसणे, ही सार्वजनिक जीवनातील फार मोठी परीक्षा असते.

या किल्ल्याजवळ १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला सेनापती, तळ देऊन होता आणि तेथून निघून त्याने २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई जिंकली. अकोल्यात फार दिवस राहण्यापेक्षा लढाईला जाणे त्याला बरे का वाटले, याविषयी ग्रंथकार मौन बाळगतात. पुढे १८७० च्या सुमारास इंग्रजांनी तट पाडून टाकला. किल्ल्याच्या मध्यभागाला हवाखाना म्हणत, म्हणजे वारा खाण्याची जागा, आणि १९१० च्या जिल्हा गॅझेटिअरप्रमाणे तेथे शाळा भरत असे. पंचेचाळीस अंशांच्या गावात हवेसाठी बांधलेल्या खोलीत मुलांना कोंडून पाढे म्हणवून घेणारा शिक्षणाधिकारी कोण होता हे इतिहासाला अज्ञात असले, तरी त्याची परंपरा खंडित झालेली नाही.

अकोला जिल्ह्यातील बाळापूरची छत्रीही नावाप्रमाणे न वागणाऱ्या याच कुळातली. मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाने ओळखली जाणारी ही काळ्या दगडाची, पंचवीस फूट चौरस आणि तेहतीस फूट उंच अशी मंडपवजा वास्तू पाहण्यास ऊन टाळून जावे हे उत्तम, आणि पावसाच्या भरवशावर जाऊ नये हे त्याहून उत्तम. नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा, ज्यावर १४८७ चा शिलालेख आहे आणि ज्याचे सज्जे लाकडात कोरल्यासारखे दगडात कोरले आहेत, तो मात्र या विनोदात घेण्याजोगा नाही. त्याच्यासमोर वऱ्हाडी माणूससुद्धा पत्ता विसरून उभा राहतो.

स्टॉकहोमकडे परत यावयाचे ते एका शब्दासाठी. तेथे स्कान्सतुल, हॉर्नस्तुल, नोरतुल अशी ठिकाणे आहेत आणि ‘तुल’ म्हणजे जकात. १६२२ पासून १८१० पर्यंत शहरात येणाऱ्या मालावर या नाक्यांवर जकात घेतली जाई. नाके गेले, फाटके गेली, जकात गेली. नावे राहिली आणि त्यांतील काहींवर आता भुयारी रेल्वेची स्थानके आहेत. शहराने २००७ पासून मोटारींवर गर्दीचा कर बसवला, तोही जवळपास याच जुन्या वेढ्यातून आतबाहेर करणाऱ्यांवर, तेव्हा दोनशे वर्षे नाव सांभाळल्याचे चीज झाले असे त्या जागांना वाटले असल्यास नवल नाही. स्टॉकहोमकर आजही घराचा भाव सांगताना ‘इन्नान्फर तुलार्ना’, म्हणजे जकातीच्या आत, असे म्हणतो, आणि त्या दोन अक्षरी ‘आत’मध्ये तो स्वतः कोण आहे आणि इतर सर्व कोण आहेत, हे दोन्ही सांगून टाकतो.

अकोल्याच्या निवृत्त शिक्षकाला हे समजावताना मुलाची जी तारांबळ उडते ती अनाठायी आहे. शिक्षकाच्या पत्नीचे माहेर अमरावतीचे असते. परतल्यावर आधी माहेरी जाण्यासाठी ती राजकमल चौकात ऑटोत बसते, मांडीवर स्वीडनच्या चॉकलेटांची पिशवी धरते आणि परकोटाजवळच्या एका गल्लीचे नाव सांगते, तेव्हा चालक यंत्र सुरू करीत मान न वळवता एवढेच विचारतो, “गेटाच्या अंदर की बाहीर, मावशी? अंदर असन तं वीस रुपये जास्त लागतीन.”