वहिनींचा भाचा आणि बॅटरीचं विमान

"अहो भाऊ, या की जरा भिंतीपाशी! आमच्या भाच्याचं नवं खूळ ऐकलंत? गच्चीवर विमान बांधतोय म्हणे. तेही बॅटरीचं!"

"भिवंडीत, धामणकर नाक्यावर? वहिनी, इथं स्कूटर लावायला जागा नाही!"

"तेच म्हटलं मी. तर म्हणतो, मामी, कांदिवलीत चारकोपला कॅप्टन अमोल यादवांनी गच्चीवरच सहा जणांचं विमान बांधलं ना?"

"बांधलं की. 2016 ला बीकेसीत 'मेक इन इंडिया'ला ठेवलं होतं, लोकांची ही झुंबड! पण पुढचं सांगितलं का त्यानं? नोंदणी व्हायला 2017 चा नोव्हेंबर उजाडला, उडवायची परवानगी 2019 ला, आणि चाचणी 2020 ला, धुळ्यात. त्यात तो माणूस स्वतः पायलट. आणि विमान इंधनावरचं, बॅटरीचं नव्हे."

"म्हणजे बॅटरीवर उडतच नाही?"

"उडतं हो! ऑस्ट्रियात 1973 लाच माणूस घेऊन उडालं. फ्रान्समध्ये 'क्रिक्री' नावाचं चिमुकलं विमान लोक घरी बांधतात, त्यालाही विजेच्या मोटरी लावून झाल्या."

"मग अडतं कुठं?"

"मोटरीत नाही. लूमच्या मोटरींचं वाइंडिंग करण्यात माझा जन्म गेला, एवढं तर कळतं मला. चांगली मोटर नव्वद टक्क्यांच्या वर वीज कामाला लावते. तेलाच्या इंजिनात पाऊण भाग नुसता तापण्यात जातो. घोडं पेंड खातं ते बॅटरीपाशी. किलोभर पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा, तेवढ्यासाठी पन्नासेक किलो बॅटरी लागते. मोटर काटकसरी आहे म्हणून हिशेब थोडा सुधारतो, पण फिटत नाही."

"जड तर जड. उडता उडता हलकी होईल की!"

"तीच तर गंमत! टाकीतलं तेल जळतं तसं विमान हलकं होत जातं. बॅटरी रिकामी झाली तरी वजन तेवढंच. उतरतानाही सगळा बोजा अंगावर."

"कुणी कंपनीनं तरी केलंय का धड?"

"स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेलचं 'वेलिस इलेक्ट्रो'. 2020 ला युरोपात त्याला रीतसर प्रमाणपत्र मिळालं, बॅटरीच्या विमानाला पहिल्यांदाच. दोन माणसं बसतात. मोटर 57.6 किलोवॉटची. लूमला एक हॉर्सपॉवरची मोटर धरा, म्हणजे सत्त्याहत्तर लूम एकदम चालू केल्यासारखं!"

"अगं बाई! आणि उडतं किती वेळ?"

"पन्नास मिनिटं, वर थोडं राखीव. इथून अंजूरफाट्याला जायला कधी कधी तेवढाच वेळ लागतो. म्हणून ते शिकाऊ पायलटांना बरं, धावपट्टीभोवती घिरट्या घालायला. त्यात बॅटऱ्या दोन, एक नाकात, एक पाठीमागं. एक गेली तर दुसरीवर उतरता यावं. तापू नयेत म्हणून द्रव फिरवून थंड ठेवतात. रिक्षाच्या चार बॅटऱ्या तारेनं जोडल्या आणि उडालो, असं नसतं."

"म्हणजे नाहीच म्हणून सांगू त्याला?"

"नाही कशाला म्हणता? पोराला नाद लागलाय तर लागू दे. फक्त गच्चीवर नको. मोटर, बॅटरी आणि पंखा जमिनीवर घट्ट बोल्ट करून चालवू दे. किती रेटा मिळतो, किती तापतं, चार्ज किती पुरतो, सगळं वहीत लिहू दे. माझ्याकडे पाठवा, वाइंडिंग मी शिकवतो. पण उडायची गोष्ट डीजीसीएच्या, म्हणजे सरकारच्या विमान खात्याच्या, कागदाशिवाय काढायची नाही, आणि परीक्षा झाल्याशिवाय तर मुळीच नाही!"